सोंड हलवा, पण झटका नको

स्थिर फोटोचा जमाना संपला, हे आमच्या तालुक्यात सर्वांत आधी फ्लेक्सवाल्यांना कळलं. पूर्वी साहेबांचा वाढदिवस म्हणजे चौकात वीस बाय दहाचा फ्लेक्स असायचा. मध्ये साहेब, त्यांच्या डोक्यावर मोठे साहेब आणि तळाला पासपोर्ट साइजचे पंचवीस शुभेच्छुक, त्यातले निम्मे गॉगलात. आता तोच ऐवज तीस सेकंदांच्या व्हिडिओत बसवून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडतात, आणि व्हिडिओ म्हटला की त्यात सगळं हललं पाहिजे. झेंडा हलतो, साहेबांचं उपरणं हलतं, मागे उगाचच उभा केलेला सिंह आयाळ झटकतो. लग्नपत्रिकेवरचा गणपती कान हलवतो. श्रद्धांजलीच्या एका व्हिडिओत तर कै. आप्पांची छाती संथपणे खालीवर होताना मी पाहिली आहे. दहाव्याला जमलेल्या भावकीत तो मोबाइल फिरला, तेव्हा एक म्हातारबाबा फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "आरं, ह्यात अजून धुगधुगी हाय की!"

यातल्या कशाचंच मुळात चित्रीकरण झालेलं नसतं. पार्टीकडे एक फोटो असतो, तोही बहुधा दुसऱ्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला. (आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात, मग तो एकटा आणि सडाफटिंग का असेना.) तो फोटो कुठे वाकवून, कुठे ताणून, कुठे फुगवून हालचालीचा आभास उभा करायचा असतो. वाकवणं सोपं आहे, ते दहावी नापास पोरगाही दुसऱ्या दिवशी शिकतो. वाकवलेलं पुन्हा सरळ होताना बघणाऱ्याच्या डोळ्यांना खडा लागू न देणं, हे मात्र भल्याभल्यांना जमत नाही. आणि पार्टीला हवं असतं नेमकं तेच. ऑर्डर देताना रंग, गाणं, मजकूर यांतलं काहीही ठरलेलं नसतं, पण एक अट पक्की असते. "भाऊ, एकदम स्मूथ पायजे. मख्खन."

हे सगळे प्रकार ज्या आफ्टर इफेक्ट्सवर चालतात, ते सॉफ्टवेअर 1993 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरी 'कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट' नावाच्या एका छोट्या कंपनीने काढलं. त्याच वर्षी ती कंपनी आल्डसने विकत घेतली आणि पुढच्या वर्षी आल्डसच अडोबीच्या पोटात गेली. नावातलं विज्ञान आणि कला दोन्ही पहिल्या दीड-दोन वर्षांतच गळून पडलं. आमच्याकडची कामं बघता त्याचं आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

आता या सॉफ्टवेअरची मूळ युक्ती. तुम्ही त्याला दोन क्षण सांगायचे: पहिल्या सेकंदाला कान इथे, दुसऱ्या सेकंदाला तिथे. या दोन नोंदी म्हणजे कीफ्रेम. मधली सगळी चित्रं यंत्र भरतं. पण यंत्राला तुम्ही दुसरं काही सांगितलं नाहीत, तर ते सरळमार्गी कारकुनासारखं अंतराला वेळेने भागतं आणि प्रत्येक चित्रात सारखा हिस्सा टाकतं. परिणामी कान स्तब्ध असतो, एकदम पूर्ण वेगाने सुटतो आणि भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो. गणेशाचा कान असा हलला की भक्तिभाव निर्माण होत नाही. देवाला माशी चावली असावी, असं वाटतं.

खऱ्या जगात काहीच असं हलत नाही. जड वस्तू सुटताना वेळ घेते, थांबतानाही घेते. डिस्नेच्या चित्रकारांनी हे हाताने चित्रं काढता काढता ओळखलं होतं. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या तिथल्या दोघा बुजुर्गांनी 1981 मध्ये आपल्या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं मांडली, त्यांत 'स्लो इन, स्लो आउट' हे एक आहे. हालचालीच्या दोन्ही टोकांना चित्रं दाट, मध्ये विरळ. बस्स, एवढंच. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी तर हा प्रश्न वाटाण्यावर सोपवून टाकला होता. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, भांडवलवाल्यांची खात्री पटावी म्हणून, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ समोर कॅमेरा ठेवून त्याची वाढ टिपली. पडद्यावर तो अंकुर मिनिटभरात वर आला. कुठे सावकाश व्हायचं आणि कुठे उसळी घ्यायची ते वाटाण्याला ठाऊक होतं. आमच्याकडे वाटाणा नसतो, एफ-नाइन असतं.

एफ-नाइन ही या धंद्यातली तीर्थाची पळी आहे. कीफ्रेम निवडायची, ते बटण दाबायचं, की तिला 'ईझी ईझ' लागतं आणि हालचाल दोन्ही टोकांना मवाळ होते. दोनच कीफ्रेम असतील तर चमत्कार होतो, हे कबूल. पण आमच्या पोरांच्या टाइमलाइनवर, म्हणजे जिथे या नोंदी ओळीने दिसतात तिथे, दोनच कीफ्रेम कधी असतात का? झेंड्याच्या एका फडफडीला दहा-बारा असतात. पोरगा कंट्रोल-ऑल्ट-ए दाबून सगळ्या निवडतो, एफ-नाइन दाबतो आणि खुर्चीत मागे रेलून कानातली पेन्सिल काढतो. आता ईझी ईझचा अर्थ काय? या नोंदीशी येताना वेग शून्यावर आण आणि इथून पुन्हा शून्यापासून सुरू कर. दहा नोंदींना लावलं तर झेंडा दहा ठिकाणी थांबतो. आमच्या गावातल्या बायपासवर आजी-माजी सरपंचांनी आपापल्या दारापुढे स्पीडब्रेकर टाकून घेतलेत, तिथून जाणाऱ्या रिक्षेसारखी मग त्या झेंड्याची चाल होते: जरा वेग घेतला की ब्रेक, जरा घेतला की ब्रेक. प्रत्येक ब्रेक स्वतंत्रपणे पाहिला तर अतिशय मुलायम असतो. पोरगा तसं दाखवूनही देतो.

इथे पोराला कुणीतरी सांगावं लागतं की बाबा, मवाळपणा फक्त पहिल्या आणि शेवटच्या नोंदीला. मधल्यांना थांबायचं नाही, त्यांनी नुसतं वळण दाखवून बाजूला व्हायचं. ग्राफ एडिटर उघडला की वेगाची रेघ दिसते, ती मध्ये कुठे जमिनीला टेकता कामा नये. जागेच्या कीफ्रेम असतील तर 'रोव्ह अ‍ॅक्रॉस टाइम' नावाची सोयही आहे. ती लावली की मधल्या नोंदी आपल्या वेळेचा हट्ट सोडतात आणि वेग एकसलग राहील अशा पुढेमागे सरकतात. पण ग्राफ एडिटर उघडायचा तर त्या वेलांट्या बघाव्या लागतात, आणि आमच्याकडच्या बहुतेक पोरांनी या क्षेत्रात यायचं कारणच मुळी गणितातला आलेख हे आहे.

झेंड्याचं एक वेळ निभतं. खरी पंचाईत होते ती झेंड्यावर साहेबांचा चेहरा छापलेला असतो तेव्हा. अशाच एका झेंड्याला मेश वॉर्प लावलेला मी जवळून पाहिला आहे. मेश वॉर्प म्हणजे फोटोवर अंथरलेली जाळी. न सांगता सात ओळी, सात स्तंभ येतात. जाळीचा बिंदू धरून ओढायचा, की खालचा फोटो ओढला जातो. साहेबांच्या चेहऱ्यावर त्यातले तीन-चारच बिंदू येत होते, आणि त्यातला एक बरोबर नाकाच्या शेंड्यावर. पोराने वाऱ्याची लाट दाखवायला तो उजवीकडे ओढला. मग लाट पुढे गेली म्हणून डावीकडे ओढला. मग उपरण्याकडे लक्ष गेलं म्हणून तिथले बिंदू हलवले. मग कपाळ. मागे कार्यकर्ते बसले होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एक जण घसा खाकरून म्हणाला, "दादा, साहेबांचं नाक पोहतंय."

पोहतच होतं. आणि त्याचं कारण पोराच्या हातात नव्हतं, ते त्या जाळीच्या स्वभावात आहे. मेश वॉर्पमध्ये एकेका बिंदूची वेगळी नोंद होत नाही. एक बिंदू हलवा की पन्नास, कीफ्रेम पडते ती अख्ख्या जाळीची. कपाळासाठी पाडलेल्या नोंदीत नाकाची त्या क्षणाची जागाही गोठते. नाक बिचारं उजवीकडून डावीकडे मजेत निघालेलं असतं, त्याला वाटेत कपाळाच्या कामासाठी हजेरी लावावी लागते, मग उपरण्याच्या कामासाठी पुन्हा एकदा. एका शिपायावर चार खात्यांचा कारभार. शिवाय या जाळीला किमतीचा (व्हॅल्यूचा) आलेख नसतो, नुसता वेगाचा असतो, त्यामुळे एकट्या नाकाची समजूत काढायची सोयच नाही.

यावर उपाय आहेत आणि सगळे कमी मेहनतीचे आहेत, म्हणून कुणी करत नाही. पहिला: हाच इफेक्ट दोनदा लावा. एका जाळीवर कपडा, दुसरीवर चेहरा, दोघांचं टायमिंग वेगळं. दुसरा: 'लिक्विफाय' घ्या, स्टॉपवॉच (म्हणजे कीफ्रेम नोंदवणारं बटण) बंद ठेवून चित्र एकदाच हवं तसं वाकवा आणि मग त्यातल्या 'डिस्टॉर्शन परसेंटेज' या एकाच आकड्याला शून्यापासून शंभरापर्यंत न्या. एकच आकडा, दोन कीफ्रेम, आणि ग्राफमध्ये त्याची वेलांटी मनासारखी वळवता येते. तिसरा तर कहर आहे. झेंड्यासाठी 'वेव्ह वॉर्प' नावाचा इफेक्ट आहे, तो लावला की लाट आपोआप चालू होते, एकही कीफ्रेम न टाकता. काठीकडची कड 'पिनिंग'मध्ये जाऊन जागेवर बांधायची, बास. पण हा उपाय सुचवला तेव्हा पोराच्या तोंडावर मी स्पष्ट निराशा पाहिली. "पार्टी मागं बसलीय सर. एवढ्यात झालं म्हणलं तर पैसे कोण देईल?"

हा खरा मुद्दा आहे. स्मूथपणा हा काढून टाकण्यातून येतो, आणि काढून टाकण्याचं बिल होत नाही. पार्टीला किबोर्डचा आवाज ऐकू यावा लागतो. टाइमलाइनवर हिरकणीच्या आकाराच्या त्या खुणा पेरल्यागत दिसल्या म्हणजे पैसे वसूल. झटका दिसला की पोरगा त्या जागी आणखी एक नोंद टाकतो, मग तिच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन, म्हणजे एका झटक्याचे तीन छोटे झटके होतात, आणि मागून कौतुकाने आवाज येतो, "आता बरंय."

त्यातून मागे बसलेल्या पार्टीसमोर प्रीव्ह्यू दाखवणं हा स्वतंत्र अपघात आहे. स्पेसबार दाबला की पहिल्या खेपेला यंत्र एकेक चित्र तयार करत जातं, त्यामुळे ते अडखळत दिसतं. टाइमलाइनवरची हिरवी पट्टी पुरी झाल्यावरच खरा वेग कळतो. पण पट्टी पुरी होईपर्यंत थांबणारा कार्यकर्ता अजून जन्मायचाय. "बघा बघा, इथं अटकतंय," असं म्हणून तो थेट स्क्रीनवर बोट टेकवतो, तंबाखूच्या डागासकट. पोरगाही लगेच ते दुरुस्त करायला घेतो. नसलेला झटका घालवण्याच्या खटपटीत जो झटका तयार होतो, तो मात्र अस्सल असतो आणि रेंडरमध्ये, म्हणजे अंतिम व्हिडिओत, अचूक उतरतो.

कधीकधी दोष कीफ्रेमचाही नसतो, हिशेबाचा असतो. नेटवरून उतरवलेला टेम्प्लेट सेकंदाला 24 चित्रांचा, फोटोग्राफरचं शूटिंग 25 चं आणि पुतण्याने मोबाइलवर घेतलेलं ड्रोनसारखं काहीतरी 30 चं. सगळं एका ताटात वाढलं. 24 चं चित्रण 25 मध्ये टाकलं की दर सेकंदाला एक चित्र दोनदा दिसतं. 25 चं 30 मध्ये टाकलं तर सेकंदाला पाच चित्रं दोनदा दिसतात. डोळ्याला मोजता येत नाही, पण खटकतं. अशा वेळी पार्टी म्हणते, "काय म्हाईत नाय, पण कायतरी खडखडतंय." तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं, आणि पोरगा सोंडेच्या कीफ्रेम चाळत बसतो.

सोंडेवरून पपेटवर येतो. पपेट टूल 2007 साली आफ्टर इफेक्ट्सच्या सीएस-थ्री आवृत्तीत आलं, आणि माझ्या मते लग्नपत्रिकांच्या इतिहासात अक्षतांनंतरची ती मोठी घटना आहे. चित्रावर पिना मारायच्या. यंत्र चित्राचे शेकडो त्रिकोण करून ते पिनांना बांधतं. एक पिन ओढली की भोवतीचं चित्र रबरासारखं मागे येतं. सोंडेच्या मुळाशी एक पिन, मधल्या वळणावर एक, टोकाला एक. टोकाची पिन उचलली की सोंड उचलते. इथवर रोमांच उभे राहतात. मग लक्षात येतं की सोंडेबरोबर सुळाही वाकतोय. चित्र एकसंध असल्यामुळे त्रिकोणांना सुळा कुठला आणि सोंड कुठली याचं ज्ञान नाही. हस्तिदंत केळ्यासारखा वळतो. पलीकडच्या हातातला मोदक लांबट होऊन त्याची करंजी होते. मुकुट मान हलवतो. वधूपक्षाचे एक काका हे पाहून एवढंच म्हणाले, "देवाला बरं नाही का?"

शहाणा माणूस आधी फोटोशॉपमध्ये सोंड वेगळी, कान वेगळे, मोदक वेगळा करतो, मागची भोकं बुजवतो आणि मग पिनांना हात लावतो. कडक राहायच्या जागी स्टार्चची पिन मारायची सोय खुद्द पपेटमध्येच आहे, तिथे चित्र वाकत नाही. सुळ्याला ती मारावी. घाईचा माणूस मात्र पाठवलेल्या जेपीजीवर थेट पिना टोचतो, त्याही टाइमलाइन कुठे उभी आहे ते न बघता. पपेटची पिन मारल्याक्षणी तिची पहिली कीफ्रेम आपोआप पडते. एक पिन दुसऱ्या सेकंदाला मारली, दुसरी पाचव्याला, की दोघींच्या नोंदींचा मेळ बसता बसत नाही.

मोदकाची तर निराळीच गंमत आहे. ताटातून निघून हातात आला, तिथे दोन सेकंद थांबायचं आणि मग सोंडेकडे जायचं, असा बेत असतो. हातातल्या दोन्ही कीफ्रेम हुबेहूब सारख्या. तरी त्या दोन सेकंदांत मोदक हाताबाहेर जरासा फिरून येतो. पोरं याला व्हायरस म्हणतात. व्हायरस नाही. जागेच्या कीफ्रेमना यंत्र आपोआप गोलाई देतं, म्हणून येतानाचं वळण थांब्यावरही शिल्लक राहतं आणि मोदक तेवढी फेरी मारतो. राइट क्लिक करून 'स्पेशिअल इंटरपोलेशन' लिनिअर केलं की जागेवर बसतो. आमच्या इथे मात्र ती फेरी तशीच ठेवली गेली, कारण पार्टीला ती आवडली. "बाप्पा मोदक फिरवून दाखवतोय" असं त्यांनी नातेवाइकांना सांगितलं.

मोशन ब्लर हा शेवटचा आसरा. वेगात धूसरपणा मिसळला की डोळा पुष्कळ गोष्टी माफ करतो. कॅमेऱ्यातही हेच होतं. शटर अँगल 180 अंशांवर असला, म्हणजे चित्राच्या निम्मा वेळ शटर उघडं, सेकंदाला 25 चित्रं असतील तर पन्नासांश सेकंद, तर हलणारी वस्तू आपसूक पुसट येते. पण लेयरवरचा ब्लरचा स्विच पपेटला लागू पडतो, मेश वॉर्पला पडत नाही. त्यासाठी वरून 'फोर्स मोशन ब्लर' लावावा लागतो, आणि तो लावला की रेंडरचा वेळ असा लांबतो की वरात निघून नवरा-नवरी गोंधळाला बसली तरी आमंत्रण निघत नाही.

आता सर्वांत करुण भाग. आफ्टर इफेक्ट्सच्या विंडो मेन्यूमध्ये 'स्मूदर' नावाचं एक पॅनेल खरोखर आहे. पार्टी ज्याच्यासाठी जीव टाकते, तेच नाव. किमान तीन कीफ्रेम निवडायच्या, टॉलरन्सचा आकडा द्यायचा आणि अप्लाय दाबायचं. हे पॅनेल काय करतं? मुख्यतः जास्तीच्या कीफ्रेम उडवतं. टॉलरन्स जेवढा वाढवाल तेवढ्या अधिक उडतात, रेघ तेवढी सलग होते. पपेटची पिन कंट्रोल दाबून हाताने फिरवली की हालचाल मुद्रित होते, तिथेही 'स्मूदिंग' म्हणून आकडा आहे आणि तोही हेच काम करतो. मी हे पॅनेल एका स्टुडिओत उघडून दाखवलं. चाळीसेक नोंदींच्या सहा झाल्या आणि सोंड अशी उचलली गेली की मागचे काका अभावितपणे हात जोडून उभे राहिले. पोरगा मात्र रिकामी टाइमलाइन बघून हबकला होता. काका गेल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर कंट्रोल-झेड. बिल अजून व्हायचं होतं.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या मुहूर्तांवर कार्य आहे, त्यांना हात जोडून एक विनंती. गणपतीचा फोटो पाठवाल तो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून धाडलात तर वाटेत त्याचा भुगा होतो, आणि भुगा ताणून सोंड करता येत नाही. कान हलवायचे की सोंड, हे दोन्ही पक्षांनी याद्या करतानाच ठरवून घ्या, दोन्ही नको. पोरगा काम करत असताना त्याच्या मागे बसू नका, बसलातच तर हिरवी पट्टी पुरी होईपर्यंत बोट खिशात ठेवा. आणि टाइमलाइन रिकामी दिसली म्हणून पैसे कापू नका.